गच्चीवरची लाँच आणि बारा व्होल्टचा संसार

केशवापूर, हुबळी
दसऱ्यानंतरचा रविवार, १९८५

ती. वेंकटेशअण्णांच्या पायी,

हुबळीच्या कोरड्या, टणक आणि अजिबात न हलणाऱ्या जमिनीवरून गुरुराजचा नमस्कार पोचावा. आम्ही उभयता इथं खुशाल आहोत (ही खुशाली कसली ते पुढं येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? लाँचीत चढताना फळीवरून पाय घसरला असं तुम्ही मागच्या पत्रात सहज लिहून गेलात. ते वाचून तुमची बहीण दोन वेळा जेवली नाही आणि तिसऱ्या वेळी माझ्यावर रागावली. फळी तुमची, पाय तुमचा, लाँच तुमची. पण समुद्राच्या बाजूनं जे काही घडतं त्याचा जाब या घरात मला द्यावा लागतो.

अण्णा, तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, त्यामुळं मी तुम्हाला काही बोलू शकत नाही. पण माणसं रिटायर होतात तेव्हा अंगणात अबोली लावतात, मठात जाऊन बसतात, फार तर होमिओपथी शिकतात. तुम्ही कारवारच्या बंदर-ऑफिसातून रिटायर झालात, काळी नदीवर पूल झाल्यामुळं बसून राहिलेल्या लाँचींपैकी एक लिलावात घेतलीत, आणि उरलेलं आयुष्य तीतच राहून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडणार म्हणून जाहीर केलंत. वर लाँचीचं नाव कळवलंत. ते नाव वाचल्यावर माझ्या पोटात जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षांमागं माझं वऱ्हाड सदाशिवगडला तुमच्या दारी येत होतं तेव्हा तीच लाँच नवीकोरी होती, आणि मी नवरामुलगा म्हणून तीत सगळ्यात पुढं बसलो होतो, शेजारी आम्हाला न्यायला आलेले तुम्ही. त्या प्रवासाचा पुढचा भाग आपण दोघांनी आजवर कुणाला सांगितलेला नाही, याबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे.

असो. समुद्रात खांब नाहीत आणि तारा नाहीत, म्हणून तुम्ही मला लिहिलंत: हुबळीत सगळं मिळतं, तुम्ही शाळेत सायन्स शिकवलेलं आहे, तेव्हा लाँचीवर वीज कुठली घ्यावी आणि तिच्यावर घरच्यासारखी काय काय सोय करता येईल ते नीट बघून, वापरून, ठरवून कळवावं. यातला "वापरून" हा शब्द तुम्ही घालायला नको होता. तुमच्या बहिणीनं, श्यामलेनं, नेमका तोच धरला.

पहिल्यांदा आम्ही जनरेटर वापरून बघितला. लॅमिंग्टन रोडजवळच्या एका मांडववाल्याकडून तो आणला आणि हमालांनी गच्चीवर चढवला. (घरमालक गदगला गेले होते. मोठी कामं मी ते गदगला गेले की करतो.) दोरी ओढली आणि त्या यंत्रानं असा काही आवाज काढला की शेजारच्या कमळाबाई जरीचं पातळ नेसून, ओटीचं सामान घेऊनच वर आल्या. जनरेटर लागला म्हणजे लग्न, नाही तर मुंज, एवढंच या गल्लीला ठाऊक. लग्न नाही म्हटल्यावर त्या खट्टू झाल्या, पण ओटी परत कशी न्यायची म्हणून त्यांनी श्यामलेची भरली. जनरेटरवर मिक्सर चालला, इस्त्री चालली, सगळं चाललं. फक्त आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मला त्यात फार मोठी अडचण वाटली नव्हती. पण श्यामला म्हणाली की अण्णाला हे यंत्र नको, माणूस समुद्रावर गप्प बसायला जातो.

मग उन्हावर चालणारी काच बघायला आम्ही धारवाडला गेलो. तिथं प्रदर्शनात एका टेबलावर ती ठेवली होती आणि तिच्यावर वाटीएवढा पंखा फिरत होता. वस्तू उत्तम. पण काच दाखवणाऱ्या गृहस्थांची सावली पडली की पंखा थांबे, आणि ते गृहस्थ सारखे पुढं येऊन समजावून सांगत. मी त्यांना विचारलं, जून ते सप्टेंबर कारवारात ऊन कुठून आणायचं? त्यांनी मला कारवारात राहूच नका असा सल्ला दिला. हा सल्ला मी तुम्हाला जसाच्या तसा कळवत आहे.

त्यानंतर रॉकेलवर चालणारा फ्रीज. ओळखीच्या एका डॉक्टरांकडं जुना पडून होता. त्यात खाली जाळ लावायचा आणि वर बर्फ होतो. यामागचं शास्त्र मी श्यामलेला सविस्तर समजावलं. ती ऐकून घेते, पण ऐकताना शेंगा निवडते, त्यामुळं किती पोचलं ते कळत नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, की हा तिरका झाला तर? मी म्हटलं, तिरका चालत नाही, जमीन सपाट पाहिजे. तिनं शेंगांचं सूप लाँचीसारखं या अंगावरून त्या अंगावर डोलवून दाखवलं. फ्रीजचा विषय तिथं संपला. (तुमच्या बंदरावर बर्फाच्या पेट्या मिळतात हे मला ठाऊक आहे. पण त्या पेट्यांत आधी काय ठेवलेलं असतं तेही ठाऊक आहे, आणि आपल्याकडं दही लावतात.)

राहता राहिली बॅटरी. लाँचीच्या इंजिनाला डायनामो जोडायचा, इंजिन चालेल तेवढा वेळ बॅटरी भरून घ्यायची, आणि नांगर टाकला की ती पुरवून पुरवून वापरायची. शास्त्रदृष्ट्या मला हे एकदम पसंत पडलं. जुन्या हुबळीत सत्याप्पा म्हणून एक जण ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या नीट करून विकतो. त्याच्याकडची प्रत्येक बॅटरी अशा ट्रकची असते की जो फक्त हुबळी ते धारवाड जात होता, आणि तोही उतारानं. मी विचारलं, ही किती वेळ चालेल? तो म्हणाला, "सर, बॅटरी म्हंजे म्हैस बघा. तुमी वैरण किती घालता त्याच्यावर हाय. नुसतं पिळतो म्हटलं तर कसं चालंल?" मी बारा व्होल्टची एक म्हैस घेतली. तिच्याबरोबर त्यानं बसमधला छोटा पंखा, बसमधलीच ट्यूबलाईट आणि एक काळी पेटी दिली. ही पेटी बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करते, असं त्यानं दुकानातल्या देवाच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं.

आता गच्चीवरच्या लाँचीबद्दल. तुमच्या बहिणीचं म्हणणं असं की घरात बसून ठरवलेलं समुद्रावर लागू पडत नाही, तेव्हा लाँचीत राहूनच बघायचं. तुम्ही लांबीचं माप म्हणून सुतळीचं भेंडोळं पाठवलं होतंत, ते आम्ही गच्चीवर सोडलं, तर लाँच गच्चीपेक्षा लांब निघाली. शेवटी ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी बसवली. त्यामुळं तिचा मागचा भाग कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गेला आणि पुढचं टोक पाण्याच्या टाकीला टेकलं. श्यामलेनं सुतळीच्या कडेनं रांगोळी घातली, टोकाला शंख आणि चक्र काढलं, आणि सांगितलं की रांगोळीच्या बाहेर पाणी. आत जायला एक पाट ठेवला, तीच फळी. मी एकदा विसरून सरळ रांगोळी ओलांडली, तर मला बुडालेला धरून जेवायला वाढलं नाही. वर ताडपत्री, खाली चटई, एका कडेला स्टोव्ह, मधे बॅटरी, असा आमचा संसार सुरू झाला. कमळाबाई रोज पाटावरून आत येत आणि जाताना विचारत, "आज कुठवर आलं गाव?" श्यामला गंभीरपणे सांगे, अंकोला. दुसऱ्या दिवशी गोकर्ण. मग कमळाबाई तिथूनच हात जोडत.

काळ्या पेटीचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. मिक्सरमध्ये खोबरं, मिरची, कोथिंबीर घातली आणि बटण दाबलं. मिक्सर कण्हला, पेटी गुणगुणली, मग दोघांनी एकदम आवाज बंद केला आणि पेटीतून धूर आला. चटणी अर्धी झाली होती. उरलेली श्यामलेनं पाट्यावर वाटली, आणि खाताना म्हणाली की पाट्याचा अर्धा भाग चांगला लागतोय. सत्याप्पाला जाऊन विचारलं, तर त्यानं दोष खोबऱ्याला दिला.

बाकी आठवडाभर बरं चाललं. मला पंखा पाहिजे, तिला रेडिओ पाहिजे, दिवा दोघांना पाहिजे, आणि बॅटरी एक. मी जरा जास्त वेळ पंखा लावला की तिचा रेडिओ बारीक होई, मग ती पंख्याचं तोंड टाकीकडं फिरवी. मधूनमधून बॅटरी रिक्षात घालून सत्याप्पाकडं भरायला न्यायची (हे आमचं इंजिन). गंमत अशी की या आठवड्यात केशवापुरातली वीज रोज जात होती. खाली घरात अंधार आणि वर समुद्रात ट्यूबलाईट, असं झाल्यावर गल्लीतली चार माणसं वर येऊन बसू लागली. तेव्हा मला तुमच्या बेताचा थोडा मोह पडला, हे मी कबूल करतो. तो खंडेनवमीपर्यंत टिकला.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं आणि यंत्रं पुजतात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरची मुलगी या बाबतीत किती कडक आहे तेही तुम्ही जाणता. एकदा कुंकू लागलं, फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, तिनं विश्रांती घ्यायची. आमच्या घरात त्या दिवशी विळीनं भाजी चिरत नाहीत, आदल्या दिवशी चिरून ठेवतात. सकाळी श्यामला ताट घेऊन पाटावरून लाँचीत आली, मागून कमळाबाई. कमळाबाईंना सगळं एकदम चालू असलेलं दाखवावं म्हणून मी दिवा, पंखा आणि रेडिओ तिन्ही लावून ठेवले होते. श्यामलेनं बॅटरीला कुंकू लावलं, पंख्याला लावलं, रेडिओला लावलं, दिव्याला झेंडूचा हार घातला. निरांजन लावलं आणि ते पंख्यानं विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. मी पंखा बंद करायला हात पुढं केला, तर तिनं तो वरच्या वर धरला. "अहो, कुंकू लागलंय."

म्हणजे असं झालं की तिन्ही यंत्रं चालू असतानाच पुजली गेली, आणि आता विश्रांती घ्यायची असली तरी ती बंद करायची कुणी? मी म्हटलं, विश्रांती म्हणजे बंद. ती म्हणाली, हात लावणं म्हणजे हात लावणं. मी काठीनं बटण दाबू का विचारलं, तर म्हणाली काठीलाही आज कुंकू आहे (होतं). शेवटी कमळाबाई पदर पसरून पंख्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आडोशानं आरती झाली. तोंडानं त्या सारख्या "शिवा, शिवा" म्हणत होत्या. ते भक्तीनं की वाऱ्यानं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर दिवसभर भर उन्हात ट्यूबलाईट जळत होती, रिकाम्या चटईला पंखा वारा घालत होता आणि रेडिओ बोलत होता. धारवाड केंद्राचे सगळे कार्यक्रम आम्ही ऐकले. मधे केंद्र बंद झालं तेव्हा खरखर ऐकली. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की प्रयोगात माणसानं ढवळाढवळ करू नये. तसा प्रयोग माझ्या हातून पहिल्यांदाच होत होता, आणि तो मला अजिबात आवडत नव्हता. दिवेलागणीला ट्यूब तांबूस झाली. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात शेंगांवरच्या किडीला औषध कुठलं मारायचं ते सांगता सांगता रेडिओ अडखळला आणि औषध न सांगताच गप्प झाला. सगळ्यात शेवटी पंखा थांबला. तेवढ्यात खाली गल्लीतलीही वीज गेली.

मी म्हटलं, झालं, ही बॅटरी एक दिवससुद्धा पुरत नाही, अण्णांना सरळ नको म्हणून कळवतो. मला मनातून बरंच वाटलं होतं. पण श्यामला चटईवर पाय पसरून बसली. मग म्हणाली, किती शांत वाटतंय. आणि मला जे तीस वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं ते सांगत बसली. सदाशिवगडच्या घरात एकच कंदील होता. तो घेऊन तुम्ही पुढं चालायचात आणि ती मागून. वाटेत खड्डा आला की तुम्ही "खड्डा" म्हणायचात, दगड आला की "दगड" म्हणायचात, आणि तिनं कधी खाली बघितलंच नाही. मग ती म्हणाली, "विजेचं ठरलं. एक दिवा बास आहे अण्णाला. तिथं पाहिजे ते माणूस. पाय घसरला तर बघायला कोण आहे?" दसऱ्याच्या दिवशी पूजा उतरली आणि तिनं ट्रंक काढली.

तेव्हा माझा अभ्यासपूर्ण निकाल असा. ट्रकची एक बॅटरी घ्यावी (सत्याप्पाकडची नव्हे), इंजिनाला डायनामो जोडावा, एक दिवा आणि एक रेडिओ ठेवावा. पंखा नको, समुद्रावर वारा आहे. मिक्सर नको, पाटा न्यावा, तो जड असल्यामुळं लाँच हलणारही कमी. फ्रीज नको, दही रोज लावावं आणि रोज संपवावं. आणि श्यामला नको. हे मी शास्त्रदृष्ट्या सांगतो: तुमची लाँच लहान, तिचा संसार मोठा, आणि ती आली की पाटीभर भांडी येणार, त्यानं वजनाचा तोल जाईल. अण्णा, खरं सांगू का, मला पाण्याची भीती वाटते हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. पण ती ट्रंक बघितल्यापासून मला या घराची जास्त भीती वाटायला लागली आहे. इथं वीज आहे, नळ आहे, सगळं आहे. ती नसली तर मी कुठलं बटण दाबून काय करू?

गुडघ्याला तीळतेल चोळत जावं. जास्त काय लिहू. थोरल्यांनी धाकट्यांचं कोरडेपण सांभाळावं, एवढीच प्रार्थना.

तुमचा,
गुरुराज

ता. क. वर इतकं लिहिलं ते विजेबद्दल होतं. मुख्य काम हे: तुम्ही श्यामलेला वेगळं पत्र लिहून कळवा की लाँचीत झोपायला एकच बाकडं आहे, दुसऱ्या माणसाला जागा नाही. मी सुचवलं असं कळू देऊ नका. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा दुसरं बाकडं आधी मोडा आणि मग लिहा.

अण्णा, सा. न. ह्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी दोन ओळी लिहिते ते हे कसे विसरले कुणास ठाऊक. बाकडं मोडू नको. उलट एक जास्त करून घे. ह्यांनी तुला कळवलेलं नाही ते मी कळवते: खंडेनवमीपासून हे रोज संध्याकाळी एकटेच रांगोळीच्या आत जाऊन बसतात. कुणी बघत नसलं तरी पाटावरूनच उतरतात. काल जरा वारा सुटला तर टाकीला धरून बसले होते, पण उठले नाहीत. मी ह्यांना चला म्हणणार नाही. म्हटलं की नाही म्हणायची सवय आहे. पुढच्या आठवड्यात येते. पाटा आणते. — श्यामला

ता. क. (पोस्टाच्या पेटीजवळ उभा राहून, पेन्सिलीनं.) पाकीट पुन्हा उघडलं, क्षमा असावी. श्यामलेनं खाली काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही असं समजावं. मी फक्त तिला पोचवायला येणार आहे, पाटा जड आहे म्हणून. इथं सगळ्यांना तसंच सांगितलं आहे. कमळाबाईंना बॅटरी देऊन टाकली आणि घरमालकांना किल्ली. ते जास्तीचं बाकडं करायचंच झालं तर डाव्या अंगाला करा. लग्नाच्या दिवशी मी त्याच बाजूला वाकलो होतो आणि तुम्ही एका हातानं माझी पगडी, दुसऱ्या हातानं माझा कोट धरून नदी संपेपर्यंत उभे होतात. तेवढी एक जागा माझ्या ओळखीची आहे.